एक वारा, तीन रस्ते

एल चाल्तेन ते एल कालाफाते हे अंतर सुमारे २१५ किलोमीटर, म्हणजे साधारण पुणे-नाशिकइतके. अर्जेंटिनातल्या पॅटागोनियाच्या सांता क्रूझ प्रांतातला हा रस्ता सगळा डांबरी आहे. वाटेत घाट म्हणावा असा चढ नाही, सिग्नल नाही, गावही नाही. मोटारीला तीन तास पुरतात. तंबू, स्टोव्ह, चार दिवसांचा शिधा आणि पाण्याच्या बाटल्या लादून सायकलवर निघालेल्या माणसाला किती वेळ लागेल, हे मात्र किलोमीटर मोजून सांगता येत नाही. वारा लागला तर पहिले ९० किलोमीटर तो तीन तासांत मारतो, कधी त्याहून कमी वेळात. शेवटच्या तीसेक किलोमीटरना त्याला पाच तास लागू शकतात, आणि त्यातला काही भाग तो सायकल हाताने ढकलत चाललेला असतो.

सायकल तीच, पाय तेच, डांबर तेच. वाराही तोच. रस्ता तेवढा दोनदा वळतो.

नकाशावर हा रस्ता पश्चिमेला उघड्या असलेल्या चौकटी कंसासारखा दिसतो. वरची रेघ म्हणजे प्रांतिक मार्ग क्रमांक २३. ती एल चाल्तेनहून व्हिएद्मा सरोवराच्या काठाकाठाने पूर्वेला ९० किलोमीटर जाते. मग उभी रेघ, राष्ट्रीय मार्ग क्रमांक ४०, म्हणजे सायकलवाल्यांच्या तोंडी सतत असलेली ‘रुता क्वारेंता’. ती दक्षिणेला नव्वदच्या थोडी वर. आणि खालची रेघ, मार्ग क्रमांक ११, पुन्हा पश्चिमेला, सुमारे ३१ किलोमीटर. पश्चिमेचा वारा पहिल्या रेघेवर पाठीत बसतो, दुसरीवर उजव्या कानात घुसतो आणि तिसरीवर थेट तोंडावर आपटतो. ‘वारा पाहून पाठ द्यावी’ ही म्हण आपल्याकडे संधिसाधूंना चिकटली आहे. पॅटागोनियात ती वाहतुकीचा नियम म्हणून पाट्यांवर लावायला हरकत नाही.

हा वारा येतो कुठून, याचे उत्तर शाळेच्या भूगोलात होते. दक्षिण गोलार्धातले ‘गरजणारे चाळीस’ आणि ‘खवळलेले पन्नास’ आपण पाठ केले, परीक्षेत लिहिले आणि विसरलो. एल चाल्तेन ४९ अंश २० मिनिटे दक्षिण अक्षांशावर आहे, म्हणजे चाळिशी संपून पन्नाशी लागते त्या उंबरठ्यावर. या अक्षांशावर पृथ्वीला एक फेरी मारली तर पाणीच पाणी. आफ्रिका केव्हाच संपलेली असते, ऑस्ट्रेलिया आणि टास्मानियाही उत्तरेला राहिलेले, न्यूझीलंडचे दक्षिण टोकसुद्धा ४७ अंशांच्या आसपास आटोपते. पश्चिमी वाऱ्याच्या वाटेत खंड म्हणावा असा भूभाग एकच, दक्षिण अमेरिकेचे निमुळते शेपूट.

आणि त्या शेपटावर अँडीजची भिंत. पॅसिफिकवरून पाण्याने जड होऊन आलेला वारा या भिंतीवर चढतो, पश्चिम उतारावर वर्षाकाठी कित्येक हजार मिलिमीटर पाऊस आणि बर्फ टाकतो आणि हलका, कोरडा होऊन पलीकडे उतरतो. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला हे नव्याने सांगायला नको. महाबळेश्वर भिजवून झाल्यावर ढग माणदेशाला जे दाखवतात, तेच इथे. फरक मापाचा आहे. पश्चिम उतारावर साडेतीनशे किलोमीटर लांबीचे हिमक्षेत्र साठले आहे, तर पूर्वेला शंभर किलोमीटरवर वर्षाला जेमतेम २०० मिलिमीटर पाऊस पडतो. म्हसवडलासुद्धा याहून बरा पडतो. बर्फावरून घसरत आलेल्या थंड हवेला खाली उन्हाळ्यात तापलेले माळरान भेटते, दाबातला फरक वाढतो आणि वारा चेकाळतो. म्हणून पॅटागोनियात सर्वांत जोराचा वारा हिवाळ्यात नसतो, उन्हाळ्यात असतो. सायकलवाले येतात तेही उन्हाळ्यातच, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. दुसरा पर्याय बर्फाचा असतो.

एल चाल्तेन हे गाव तसे कालपरवाचे. १२ ऑक्टोबर १९८५ रोजी ते वसवले गेले, तेही चिलीशी सीमेचा वाद होता म्हणून. ओसाड जागेवर हक्क सांगायचा तर तिथे माणसे राहायला हवीत, हा त्यामागचा सरळ विचार. आता ते गिर्यारोहकांचे गाव आहे आणि चिलीतून येणाऱ्या सायकलवाल्यांचे पहिले विश्रांतिस्थान. चिलीचा १,२४० किलोमीटरचा ‘कार्रेतेरा आउस्त्राल’ व्हिया ओ’हिगिन्सला संपतो. तिथून पुढे एक बोट, मग डोंगरातली पायवाट, तीही घोड्यांच्या टापांनी खणलेल्या चरासारखी. त्यात सायकलला लटकवलेल्या पॅनिअर पिशव्या दोन्ही बाजूंनी घासतात, म्हणून सामान उतरवून फेऱ्या माराव्या लागतात. मग दुसरे सरोवर, आणि शेवटी ३७ किलोमीटरचा कच्चा रस्ता. आठ-दहा दिवस जंगलात पावसाने झोडपलेली ही मंडळी एल चाल्तेनला पोचतात तेव्हा त्यांना वाटते, अवघड भाग संपला. गावाच्या डोक्यावर ३,४०५ मीटर उंचीचा फिट्झरॉय उभा असतो. इथले मूळचे तेहुएल्चे लोक याला ‘चाल्तेन’ म्हणत, धुरकटणारा डोंगर. शिखराला सतत चिकटलेला ढग त्यांना धुरासारखा दिसे.

१८७७ साली फ्रान्सिस्को मोरेनो या अर्जेंटिनी शोधकाने त्याला फिट्झरॉयचे नाव दिले. रॉबर्ट फिट्झरॉय म्हणजे ‘बीगल’ जहाजाचा कप्तान, चार्ल्स डार्विनला जगप्रवासाला घेऊन गेलेला. १८३४ मध्ये हे दोघे अटलांटिककडून सांता क्रूझ नदीत शिरले. प्रवाह इतका जोराचा की होड्यांना दोर बांधून माणसांनी काठाने ओढत न्यायच्या, असे सुमारे तीन आठवडे. अँडीजची बर्फाची रांग दिसू लागली होती, पण शिधा संपत आला आणि ते परतले. नदी ज्या सरोवरातून निघते ते त्यांना दिसलेच नाही. डार्विनच्या मागे फिट्झरॉय झाकोळला, पण सायकलवाल्याचे खरे देणे फिट्झरॉयकडे लागते. पुढे १८५४ मध्ये ब्रिटनचे हवामान खाते त्याच्याच हाताखाली सुरू झाले. हवामानाच्या अंदाजाला इंग्रजीत आज जो शब्द वापरतात तो त्याने रूढ केला, आणि १ ऑगस्ट १८६१ रोजी ‘द टाइम्स’मध्ये त्याचा पहिला जाहीर अंदाज छापून आला. आज त्याच्या नावाच्या डोंगराखाली, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात, रात्री अकरा वाजता पाच-सहा जण फोनवर वाऱ्याचे बाण पाहत बसलेले असतात. लाल म्हणजे जोराचा, जांभळा म्हणजे त्याहून जोराचा.

त्या बाणांवरून वाद होतो तो निघण्याच्या वेळेचा.

पॅटागोनियात पहाटे वारा बहुधा झोपलेला असतो. दहा-अकराला उठतो, दुपारी अंगात येते, रात्री उशिरा पडतो. कधी पडतच नाही. म्हणून इथे सायकल चालवणारे पहाटे चारला तंबू आवरतात. पण एल चाल्तेनहून निघणाऱ्याची गोष्ट वेगळी. पहिले नव्वद किलोमीटर वारा पाठीशी हवा आहे, तेव्हा पहाटे निघणे म्हणजे फुकटची मजुरी वाया घालवणे. उशिरा निघावे तर नव्वद किलोमीटर उडत जाता येते, पण रुता क्वारेंताच्या फाट्यावर नेमके भर दुपारी पोचतो. त्या वेळी वारा सर्वांत जोरात असतो आणि त्याला उजवा खांदा द्यायचा असतो. लवकर निघावे तर फाटा शांत हवेत गाठता येतो, पण मग पहिला भाग पायांनीच काढायचा. दोन्हीकडून हवे असणाऱ्यांनी नऊच्या सुमारास निघून पाहावे. बहुतेक जण तेच करतात आणि बहुतेकांचे चुकते.

चुकते ते नंतर. आधीचे तीन तास कुणालाच तक्रार नसते.

गाव सुटले, नदीचे खोरे मागे पडले आणि रस्ता माळावर आला की पाठीवर हात पडतो. सुरुवातीला हलका, मग घट्ट. पॅडल मारणे थांबवले तरी वेग उतरत नाही. ताशी तीस, पस्तीस, चाळीस. सपाटीवर, पाऊणशे-ऐंशी किलोची माणसे चाळीस-पंचेचाळीस किलोच्या लादलेल्या सायकलींवर कानात वारा शिरलेल्या वासरासारखी सुटतात. आणि गंमत म्हणजे त्याच वेळी कानातला वारा नाहीसा होतो. वारा ताशी चाळीसचा आणि सायकलही चाळीसची, तर स्वाराच्या भोवतीची हवा स्थिर. घोंघाट बंद, फक्त टायरची घरघर आणि चेनची कुरकुर. बाजूला कोइरोन गवताचे पिवळे झुबके पुढच्या दिशेने झोपलेले असतात, धुळीचा पट्टा रस्त्यावरून सायकलच्या बरोबरीने सरकत असतो, एखादा कागदाचा कपटाही सोबतीला असतो. फोटो काढायला थांबले की भ्रम फुटतो. सायकल स्टँडवर उभी राहत नाही, टोपी उडून कुंपणाच्या तारेला अडकते आणि बोललेले शेजारच्याला ऐकू येत नाही.

थांबतात मात्र सगळेच, कारण मागे वळून पाहिले की फिट्झरॉय आणि त्याच्या शेजारचे सुळके आख्खे दिसतात. त्यांतल्या तिघांना सेंतेक्झुपेरी, मेर्मोझ आणि गीयोमे ही नावे आहेत. तिघेही फ्रेंच वैमानिक. टपाल पोचवणाऱ्या कंपन्यांची छोटी विमाने ते दक्षिण अमेरिकेत उडवत. ‘छोटा राजपुत्र’ लिहिणारा आंत्वान द सेंतेक्झुपेरी १९२९ ते १९३१ या काळात ‘एरोपोस्ता आर्हेंतिना’त होता आणि पॅटागोनियाच्या किनाऱ्याने रिओ गायेगोसपर्यंत टपालाचा हवाई मार्ग चालू करण्यात त्याचा वाटा होता. समोरून येणाऱ्या वाऱ्यात विमान पूर्ण ताकदीने चालत असूनही खालची जमीन जागची हलत नाही, हा अनुभव त्याने लिहून ठेवला आहे. सायकलवाल्यांना त्याची प्रचीती पुढे येणार असते. पूर्वेला जाताना कुणाला त्याची आठवण नसते.

या नव्वद किलोमीटरमध्ये माणूस जवळजवळ दिसत नाही. सांता क्रूझ प्रांत सुमारे दोन लाख चव्वेचाळीस हजार चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या जवळपास चार पंचमांश. एवढ्या प्रदेशात वस्ती साडेतीन लाखांच्या आतबाहेर, आणि तीही बरीचशी समुद्रकाठच्या शहरांत. मधला सगळा माळ ‘एस्तांसियां’चा, मेंढ्यांच्या अवाढव्य वाड्यांचा. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी फॉकलंड बेटांवरून मेंढ्या आणून इथे सोडल्या आणि मैलोन् मैल तारांची कुंपणे घातली. लोकर महाग होती तोवर भरभराट होती. पुढे भाव उतरले, चरून चरून गवत संपले, आणि ऑगस्ट १९९१ मध्ये चिलीतला हडसन ज्वालामुखी फुटला तेव्हा वाऱ्याने त्याची राख याच प्रांतावर आणून ओतली. अनेक वाडे तेव्हा ओस पडले ते पडलेच. कुंपणे मात्र शाबूत आहेत. तांबूस अंगाचे, उंच मानेचे ग्वानाको एका उडीत ती पार करतात. एखाद्याचा पाय अडकतो आणि मग तारेवर वाळलेला सांगाडा लोंबत राहतो. सायकलवाल्याला पाहून जिवंत ग्वानाको घोड्यासारखे खिंकाळतात. न्यांदू पक्षी, शहामृगाचे हे धाकटे भाऊबंद, पिल्लांची रांग घेऊन रस्ता ओलांडतात. मोटारींना ही जनावरे सरावलेली आहेत. आवाज न करता येणाऱ्या दोन चाकांनी ती जास्त बिथरतात.

मग फाटा येतो. एक पाटी, एक वळण. डावीकडे उत्तरेला त्रेस लागोस; त्याच्याही पुढे रुता क्वारेंताचा कुप्रसिद्ध कच्चा तुकडा, ज्याला लोक ‘ते त्र्याहत्तर शापित किलोमीटर’ म्हणतात. उजवीकडे दक्षिणेला एल कालाफाते. हँडल उजवीकडे वळते आणि तीन तास पाठीवर असलेला हात सटकन कानशिलात बसतो.

आडवा वारा हा समोरच्या वाऱ्यापेक्षा वाईट, असे मत पॅटागोनियातून आलेल्या अनेकांचे असते. समोरचा वारा थकवतो, पण सरळ वागतो. आडव्याचे तसे नाही. ताशी ८० किलोमीटरचा झोत एक चौरस मीटर आडव्या पृष्ठभागावर सुमारे ३० किलोचा रेटा देतो, आणि स्वार, सायकल, फुगलेल्या पिशव्या मिळून तेवढा पृष्ठभाग होतोच. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. तो सतत सारखा असता तरी जमले असते. माणूस उजवीकडे कलून, वाऱ्याला टेकूनच सायकल चालवायला शिकतो. पण झोत अचानक सुटतो आणि टेकायला काही उरत नाही. सायकल उजवीकडच्या खडीत उतरते, सावरून वर घेईपर्यंत पुढचा झोत तिला डावीकडे, रस्त्याच्या मधोमध फेकतो.

अर्जेंटिनात वाहने उजव्या हाताने चालतात. दक्षिणेला जाणाऱ्याला पश्चिमेचा वारा म्हणूनच नेमका समोरून येणाऱ्या गाड्यांच्या अंगावर ढकलतो. उत्तरेला जाणाऱ्याची तऱ्हा वेगळी. तो डावीकडे कलून चाललेला असतो, मागून ट्रक येऊन शेजारून जातो, तेवढ्यापुरता वारा अडतो, आणि कललेला माणूस ट्रकच्याच दिशेने पडू लागतो. ट्रक पुढे गेला की साठलेला वारा एकदम परत येतो. हे ठाऊक असलेले ट्रकवाले लांबूनच पलीकडची बाजू धरतात आणि हात वर करतात. अनुभवी सायकलवाले आरसा लावतात, कारण वाऱ्याच्या आवाजात मागचे इंजिन ऐकू येत नाही. ज्यांनी आरसा लावलेला नसतो ते रस्ता सोडून सरळ खाली उतरतात. तासाला पंधरा किलोमीटर पडले तर दिवस चांगला.

आषाढात चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांखाली उभे राहिलेल्या सातारकरांना या वाऱ्याची थोडी कल्पना येईल. छत्री उलटी होते, बोलणे तुटते, पण शेवटी चहाची टपरी असते आणि टपरीला आडोसा असतो. रुता क्वारेंतावर आडोसा म्हणजे मोरी. पावसाचे पाणी जायला रस्त्याखाली घातलेला सिमेंटचा पाइप. पाऊस पडत नाही, त्यामुळे तो कोरडा असतो. सायकल वर आडवी टाकून माणसे वाकून आत शिरतात, चीज आणि क्विन्सच्या गोड वड्या खातात, स्टोव्ह पेटवतात. काही जण झोपतातही. सायकलवाल्यांच्या टिपणांत पाण्याच्या जागांबरोबर मोऱ्यांच्याही नोंदी असतात: अमुक किलोमीटरला मोठी मोरी, दोघे मावतात, स्वच्छ. वाऱ्यात तंबू ठोकायला गेले तर काठ्या मोडतात, कापड फाटते, आणि एकट्या माणसाच्या हातून सुटलेला तंबू अटलांटिकच्या दिशेने निघतो. त्या बाजूला तो अडवायला झाड नाही.

फाट्यापासून पंधरा-एक किलोमीटरवर ‘ला लिओना’ येते. व्हिएद्मा सरोवराचे पाणी आर्हेंतिनो सरोवराला नेणाऱ्या हिरवट नदीच्या काठावरचे हे एकाकी घर १८९४ पासून उभे आहे. पूल नव्हता तेव्हा इथून तराफ्यावर नदी ओलांडत, लोकर नेणारे गाडीवान मुक्कामाला थांबत. नावाची हकिकत मोरेनोची: १८७७ मध्ये या नदीकाठी एका प्यूमा मादीने त्याच्यावर झडप घातली. इथले लोक प्यूमाला सिंहच म्हणत, म्हणून नदी झाली सिंहीण. १९०५ साली रिओ गायेगोसची बँक लुटून बुच कॅसिडी आणि सनडान्स किड हे अमेरिकी दरोडेखोर इथे काही आठवडे दडून राहिले, असेही हे घर अभिमानाने सांगते. खरे-खोटे इतिहासकारांनी पाहावे. सायकलवाल्याला आत शिरल्याशिरल्या जाणवते ती शांतता. दार लागले की डोक्यातला घोंघाट थांबतो, आणि इतका वेळ तो चालू होता हे तेव्हा कळते. एम्पानादा म्हणजे खिमा भरलेल्या करंज्या, केकचा जाड काप, कॉफी. कोपऱ्यात कुणी तरी मातेचा भोपळा आणि धातूची नळी घेऊन बसलेले असते. माते हे कडू हिरवे पेय एकाच नळीतून सगळ्यांनी आळीपाळीने प्यायचे, आणि ‘ग्रासियास’ म्हणायचे ते पुरे झाल्यावरच. पहिल्याच घोटाला आभार मानणाऱ्या पाहुण्याकडे भोपळा परत येत नाही.

ला लिओनाच्या पुढे, दक्षिणेला, एक पडके गुलाबी घर आहे. कधीकाळी हॉटेल होते, आता खिडक्यांना काचा नाहीत, दारांना फळ्या नाहीत, आत वाळू आणि मेंढ्यांच्या लेंड्या. सायकलवाल्यांत त्याची कीर्ती मोठी आहे. अर्जेंटिनाच्या राष्ट्राध्यक्षांच्या वाड्यालाही ‘कासा रोसादा’, गुलाबी घर, म्हणतात. त्यावरून होणारा विनोद इथे पोचलेला प्रत्येक जण एकदा करतो. पण छप्पर आहे आणि पश्चिमेची भिंत धड आहे. तेवढ्यावर गेली कित्येक वर्षे जगभरचे लोक इथे पथाऱ्या पसरत आले. भिंतींवर नावे, तारखा, सायकलींची चित्रे, अलास्कापासूनची किलोमीटर, आणि वाऱ्याला नाना भाषांत घातलेल्या शिव्या.

अशा भिंती भरू लागल्या त्याच्याही आधीपासून माणसे या खंडात सायकली घेऊन आली, आणि त्यांत मुंबईकर होते. १५ ऑक्टोबर १९२३ रोजी मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटर करून मार्च १९२८ मध्ये परतले. त्यांच्या पाठोपाठ १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर एकटाच निघाला. व्हिएन्नात त्याला गुस्ताव्ह श्तावयानिक हा जोडीदार मिळाला. दोघांनी सहारा ओलांडला, मग दक्षिण अमेरिकेत अँडीज आणि अॅमेझॉन. दावर १९३१ मध्ये घरी आला. गिअर नसलेल्या लोखंडी सायकली, फोन नाही, वाऱ्याचे रंगीत बाण नाहीत. गोव्यातले अनूप बबानी आणि साविया व्हिएगस यांनी या विसरलेल्या स्वारांवर पुस्तक केले तेव्हा कुठे त्यांची नावे पुन्हा चार लोकांच्या तोंडी आली. मुंबईत त्यांच्या नावाचा एखादा चौक असायला हवा होता, असे वाटल्याशिवाय राहत नाही.

अलीकडची सोबत पुण्याची. वेदांगी कुलकर्णीने २०१८ मध्ये, वयाच्या विसाव्या वर्षी, १५९ दिवसांत २९,००० किलोमीटरची जगप्रदक्षिणा पुरी केली. वाटेत कॅनडात अस्वल मागे लागले, स्पेनमध्ये चाकू दाखवून लुटले गेले. वेळेच्या विक्रमासाठी जगाला फेरी मारणारे बहुतेक जण पश्चिमेकडून पूर्वेला जातात. २०१७ मध्ये एकोणऐंशी दिवसांच्या आत फेरी संपवणारा स्कॉटलंडचा मार्क ब्यूमाँटही पॅरिसहून पूर्वेलाच निघाला होता. पश्चिमी वाऱ्यांच्या पट्ट्यात पृथ्वीभोवती फिरायचे तर त्याच्याकडे पाठ केलेली बरी, एवढे साधे गणित त्यात आहे. गुलाबी घरात झोपलेल्यांना ते कळते. पण त्यांच्या रस्त्याला तिसरी रेघ आहे.

जानेवारीत इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. भिंतीआड डाळ किंवा पास्ता शिजतो, छपराचा सुटलेला पत्रा रात्रभर वाजतो. पहाटे तीन-साडेतीनला पत्रा थांबला की गजर लावायची गरज नसते, शांततेनेच जाग येते. कुणी काही न बोलता पिशव्या अडकवतात आणि डोक्यावरचे दिवे लावून निघतात. आता घाई आहे. उभी रेघ संपवून खालच्या फाट्यावर पोचायचे, आणि वारा उठायच्या आत एकतीसातले जमतील तितके किलोमीटर पश्चिमेला सरकायचे. उजाडता उजाडता उजव्या हाताला आर्हेंतिनो सरोवर दिसू लागते, गोड्या पाण्याचे देशातले सर्वांत मोठे, चौदाशे चौरस किलोमीटरहून विस्तीर्ण. ज्याच्यापर्यंत पोचण्याआधी फिट्झरॉय आणि डार्विन मागे फिरले, ते हेच.

मार्ग क्रमांक ११ चा फाटा आठच्या आत गाठला तर नशीब. नऊनंतर गाठला तर हिशेब असा: वारा नसताना ताशी वीसने जाणाऱ्याला हवेचा जो रेटा लागतो, त्याच्या सहापटीहून जास्त रेटा समोरून ताशी चाळीसचा वारा असताना केवळ ताशी दहाने जाणाऱ्याला लागतो. म्हणून सर्वांत हलका गिअर, मान खाली, नजर पुढच्या चाकाच्या दोन हात पुढे. दोघे-तिघे असतील तर एकामागे एक लागतात आणि दर पाच मिनिटांनी पुढचा मागे येतो, पुढे राहणे त्याहून जास्त वेळ सोसत नाही. उतार आला तरी पॅडल मारावे लागते. थांबवले तर उतारावरच सायकल उभी राहते. ताशी आठ. ताशी सहा. कधी तरी एक जण खाली उतरतो आणि चालू लागतो, आणि बाकीच्यांच्या लक्षात येते की चालणारा मागे पडत नाही.

शहराच्या वीसेक किलोमीटर अलीकडे एल कालाफातेचा विमानतळ आहे. ब्वेनोस आइरेसहून तीन तासांत आलेली विमाने हिमनदी पाहायला निघालेल्या लोकांना इथे उतरवतात. विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरते, कारण समोरचा वारा त्याला आधार देतो, कमी वेगात अलगद टेकवतो. धावपट्टीजवळचा नारिंगी-पांढरा वायुमोजा आडवा, काठीसारखा ताठ उभा असतो आणि त्याचे शेपूट एल चाल्तेनहून आलेल्यांच्या पाठीमागे, पूर्वेला रोखलेले असते. बाहेर पडलेल्या टॅक्स्या एकामागून एक शहराकडे वळतात. मागच्या काचेतून कुणी तरी फोन वर धरून चाललेल्या सायकलवाल्यांचा फोटो काढते. तेही हँडलवरचा एक हात सोडून उत्तर देऊ पाहतात, सायकल डगमगते, हात पुन्हा खाली येतो. अजून तीन तास.